गयाबाईंनी सांगितलेला रंग

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. मिरजगावच्या दिवसांबद्दल मी भरपूर बोललो आहे, मुलांशी, सुनेशी, चर्चमधल्या मंडळींशी. मामाचा फोटो स्टुडिओ, ट्रक गेला की भिंतीवर थरथरणाऱ्या तसबिरी, मामीच्या हातची हुलग्याची शेंगोळी, सगळं चवीनं सांगितलं. फक्त एका दुपारपाशी आलो की मी पाणी प्यायला उठायचो. परत येऊन बसेपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. माझ्या आठवणींच्या वहीतलं हे प्रकरणही मी आधी एकदा लिहायला घेतलं होतं आणि ते शेंगोळ्यांवरच संपलं. ती पानं फाडून टाकली. आता परत बसलो आहे. ज्या बाईबद्दल लिहायचं आहे तिचं नाव गयाबाई. तिच्या वस्तीवर तिच्याबद्दल एक खोटी गोष्ट सांगितली जाते, आणि ती गोष्ट माझ्या तोंडून सुरू झाली आहे.

मॅट्रिक झालो तेव्हा पुढं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं आणि नगरला वडिलांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला आईच्या धाकट्या भावाकडे, मिरजगावला, 'तात्पुरतं' म्हणून पाठवलं. मामाचं घर म्हणजे पुढं स्टुडिओ, मागं स्वयंपाकघर आणि मधल्या बोळाला दोन्हीकडून दारं लावून केलेली डार्करूम. मामाचं प्रिंटिंग चालू असलं की मागून पुढं जायला वाटच नसायची. मामी चहाचे कप घेऊन शेजाऱ्यांच्या अंगणातून वळसा घालून पुढच्या दारात यायची आणि म्हणायची, "आले बाई एकदाची परगावाहून." तिकडं भाकरी थापल्याचा आवाज, इकडं तसराळ्यात ठिबकणारं पाणी, आणि मधे लाल दिव्याखाली मामाचं गाणं. मामाकडे घड्याळ होतं, पण प्रिंट औषधात किती वेळ ठेवायची हे तो घड्याळावर ठरवत नसे. उपासनेतल्या एका गीताचं एक कडवं म्हणायचं आणि प्रिंट बाहेर काढायची. त्यामुळे मामाचं मन उदास असलं की गाणं लांबायचं आणि त्या दिवशीचे सगळे नवरा-नवरी जरा काळवंडलेले निघायचे. मामी फोटो बघून सांगायची, "काल तुमच्या मामाला आईची आठवण आली होती वाटतं."

माझं काम रंग भरण्याचं. रंगीत फिल्म तेव्हा आमच्याकडे यायची नाही. लोक काळा-पांढरा फोटो मोठा करून घ्यायचे आणि त्यावर आम्ही पाण्याचे रंग चढवायचो, काडीला कापूस गुंडाळून, थर थर करत. यात मामाचा एक कडक नियम होता. रंग भरण्याआधी घरच्या माणसाला विचारायचं, त्यानं सांगितलेला रंग मोठ्यानं परत म्हणायचा, आणि तो "हो" म्हणाला की मगच ब्रश ओला करायचा. "फोटोला रंग ठाऊक नसतो, शांत्या," मामा म्हणायचा. "माणसाला ठाऊक असतो. आपण दोघांच्या मधे यायचं नाही."

मी मधे यायला लागलो. झालं असं की एक म्हातारा त्याच्या मयत बायकोचा फोटो घेऊन आला आणि लुगड्याचा रंग त्याला आठवेना. मी फोटोकडे बघून, त्या करड्या छटेकडे बघून म्हणालो, "डाळिंबी असेल." म्हातारा रडायलाच लागला. "व्हय व्हय, डाळिंबीच! कसं वळखलंस रं पोरा?" बातमी बाजारभर झाली. मग मी छटा पाठ करायला लागलो. इतका गडद म्हणजे लाल, त्याहून जरा फिका म्हणजे हिरवा, असा माझा माझा हिशेब बसला आणि तो बहुतेक वेळा जमायचा. आता वाटतं, तो म्हातारा मी जांभळा म्हटलं असतं तरी तसाच रडला असता. पण हे आत्ता वाटतं. तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या मला पहिल्यांदाच कुणीतरी हुशार म्हणत होतं.

इथं मला आजच्या दिवसात यावं लागेल, कारण या गोष्टीचा गुंता आत्ता आत्ता, आमच्या जेवणाच्या टेबलावर सुटला. सुटला की वाढला, ते मला नक्की सांगता येत नाही. माझी नात रूथ कॉम्प्युटर शिकते. गेल्या वर्षी तिला पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक काम दिलं होतं, चित्रातल्या ठिपक्यांचे रंग वाचायचे आणि बांधायचे. शेजारच्या लग्नातला एक फोटो तिनं घेतला होता. मी बघायला गेलो तर मांडवातली सगळी माणसं निळी. नवरा निळा, भटजी निळे, आमची सून कोपऱ्यात निळंशार तोंड करून हसत होती.

"हे काय गं? सगळ्यांना विषबाधा?"

"क्रम चुकलाय आजोबा. एका ठिकाणी लाल-हिरवा-निळा वाचतात, दुसरीकडे निळा-हिरवा-लाल. माझी लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली."

मग तिनं मला बसवून शिकवलं. फोटो म्हणजे बारीक बारीक चौकोन. कुठला चौकोन ते सांगायचं, म्हणजे कंसात तीन आकडे येतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. तिच्या आईच्या साडीवरचा एक ठिपका तिनं वाचला: दोनशे, तीस, तीस. मला वाटलं उभं अंतर खालून मोजायचं, शाळेतल्या आलेखासारखं, म्हणून मी सांगितलेला ठिपका भलत्याच बाईच्या केसात निघाला. इथं वरून खाली मोजतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. पुढचं तर आणखी अवघड. हे तीन आकडे बांधून एकच आकडा करायचा. कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या मोजणीत लाल सोळा घरं डावीकडे सरकवायचा, हिरवा आठ घरं, निळा आहे तिथंच ठेवायचा, आणि तिघांना एकत्र लिहायचं. साडीचा आकडा झाला एक कोटी एकतीस लाख चौदा हजार नऊशे दहा.

"आता यातून लाल परत कसा काढायचा?" मी विचारलं.

"सोळा घरं उजवीकडे सरकवायचं. निघाला की दोनशे. डब्यासारखं आहे आजोबा. तीन कप्पे एकावर एक, कडी लावली की एकच वस्तू. कडी काढली की भाजी भाजीच्या जागी."

मी तिला तो आकडा परत परत सोडायला लावला. दर वेळी दोनशे, तीस, तीस. तिला वाटलं आजोबांना मजा वाटते आहे. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तीन रंग एका आकड्यात जातात आणि जसेच्या तसे परत निघतात, म्हणजे माझं करड्यातून रंग ओळखणं खरं असू शकतं. म्हणजे कदाचित मी बरोबर होतो आणि गयाबाईच चुकल्या होत्या. इतक्या वर्षांनी मला केवढं हलकं वाटलं हे लिहितानाही लाज वाटते.

आता ती दुपार. मामा एका लग्नाच्या ऑर्डरीला गेला होता, मी काउंटरवर एकटा. मामीनं त्या दिवशी शेंगोळी केली होती आणि मी आत जाऊन जेवायची वाट बघत होतो. गयाबाई दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. मीच या म्हणालो. तिशीच्या आतबाहेरच्या असतील. त्यांची मुलगी वच्छी बाजाराच्या गर्दीत हरवली होती. आठ-नऊ वर्षांची, जन्मापासून मुकी आणि बहिरी. नाव विचारलं तर सांगता येणार नाही, हाक मारली तर ऐकू जाणार नाही. कुणीतरी तिला एसटीत चढताना बघितलं होतं, कुठल्या ते माहीत नाही. नवरा, किसनराव, कर्जतला पोलिसांकडे गेला होता आणि बाई फोटो घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. शाळेच्या गॅदरिंगला मामानंच काढलेला.

"फोटू मोठा करून द्या बाबा, रंग भरून. समद्या स्टँडांवर लावायचाय. हेच कापडं हायती तिच्या अंगावर."

मी नियमाप्रमाणे विचारलं. "परकर-पोलक्याचा रंग कोणता, मावशी?"

"हिरवा. दोनी एकाच कापडाचं. म्याच शिवलंय."

मी परत तेच म्हणून त्यांचा "व्हय" घ्यायला हवा होता आणि विषय संपवायला हवा होता. पण मी फोटोकडे बघितलं. परकर गडद आला होता, माझ्या हिशेबात हिरवा बसायचा त्याहून गडद.

"हिरवा नाही वाटत, मावशी. हिरवा इतका काळा येत नाही. हा लाल आहे."

"न्हाई वो, हिरवाच हाय."

"नीट आठवा. फोटो खोटं बोलत नाही."

त्यांनी फोटो हातात घेतला, पदरानं पुसला, डोळ्याजवळ नेला. त्यात बघण्यासारखं काय होतं? करडंच होतं सगळं. "मला काय सुधरंना बघा," त्या म्हणाल्या. "डोळ्याला डोळा न्हाई. माझं एक लुगडं तांबडं हाय, त्याच्यात न् ह्याच्यात घोळ हुतोय का काय." मग फोटो परत काउंटरवर ठेवला. "तुमाला त्यातलं कळतंय. तुमाला दिसतंय तर तसंच असंल."

मी हे का केलं? मला खरंच सांगता येत नाही. त्यांचं वाईट व्हावं असं काही नव्हतं. उलट मला त्यांच्या मुलीला मदतच करायची होती, आणि माझी मदत म्हणजे मला जे येतं ते. मी फार मन लावून रंग भरले. इतका सुंदर लाल मी आधी कधी भरला नव्हता. मामा आल्यावर म्हणाला, "घरच्यांना विचारलंस?" मी म्हणालो, "हो." ते खोटंही नव्हतं.

किसनराव येऊन फोटो घेऊन गेला. त्यानं कौतुकच केलं. पोरीच्या कपड्यांचं त्याला काही ठाऊक नव्हतं. पोलिसांना तो 'परकर-पोलकं' एवढंच सांगून आला होता. नगर, जामखेड, नेवासा, जिथं जिथं कुणी ओळखीचं होतं तिथं स्टँडावर फोटो लागले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. मामी रोज जेवायच्या आधी प्रार्थनेत वच्छीचं नाव घ्यायची.

मग एक दिवस किसनराव आणि गयाबाई दोघंही आले. किसनराव दारातूनच बोलायला लागला. नेवाशाच्या स्टँडावर पेरू विकणारी एक बाई त्याला भेटली होती. तिच्या पाटीजवळ एक मुकी पोर बरेच दिवस बसायची, ती तिला पेरू द्यायची. समोरच्या खांबावर फोटो होता. तोंडावळा तसाच वाटला म्हणून तिनं पोरीला खांबाजवळ उभं करूनही बघितलं. पण फोटोतला परकर लालभडक आणि पोरीचा हिरवा. दुसऱ्याच कुणाची असेल म्हणून ती गप्प बसली. आता पोर तिथं नव्हती. कुठं गेली, कुणाबरोबर गेली, पेरूवालीला माहीत नव्हतं.

"तांबडा कुनी सांगितला?" किसनराव ओरडला. "कुनी सांगितला तांबडा?"

मामा शांतपणे म्हणाला, "घरचे सांगतात तोच रंग आम्ही भरतो, किसनराव." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मावशीच म्हणाल्या."

एवढेच शब्द. गयाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत काय होतं हे मी आयुष्यभर स्वतःला विचारत आलो आहे. राग नव्हता. त्या काहीतरी शोधत होत्या, जणू मला बघून त्यांना ती दुपार आठवेल. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या बोलल्या असत्या तर मी कबूल केलं असतं, असंही मी स्वतःला सांगत आलो आहे. त्या म्हणाल्या, "म्हनलं असंल म्या. डोकं ठिकानावर न्हवतं."

किसनराव त्यांना तिथंच, आमच्या सगळ्यांच्या देखत, जे बोलला ते मी लिहीत नाही. मामीनं मधे पडून त्यांना आत नेलं आणि पाणी दिलं. वच्छी पुढं कधीच सापडली नाही. नेवाशाची ती पोर वच्छीच होती का, हेही कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पण आईला पोरीच्या परकराचा रंग सांगता आला नाही, ही गोष्ट मात्र पक्की झाली. बाजाराला आलेल्या बायका आमच्या स्टुडिओसमोर थांबून एकमेकींना ती सांगायच्या. "शिवला हिनंच म्हनं. आन् आठवंना!" मी आत बसून फोटोतल्या कुणाच्यातरी शालूला सोनेरी जर भरत ऐकत असे. वर्ष सरायच्या आत मी मामाचं घर सोडून नगरला परतलो, एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून लागलो आणि रंगाला परत हात लावला नाही. मामानं का सोडतोस म्हणून कधी विचारलं नाही. त्याला कळलं होतं का? हाही एक प्रश्न राहिला.

तर रूथच्या त्या डब्याच्या कप्प्यांनी मला धीर आला होता. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मीच तिला म्हणालो, "फोटो काळा-पांढरा कर आणि मग मला विचार. मी रंग ओळखून दाखवतो. तरुणपणी माझं नाव होतं."

"बढाया!" सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

रूथनं दोन चौकोन शेजारी शेजारी मांडले, दोन्ही करडे. एक साडीतला आणि एक मांडवाच्या केळीच्या पानातला, असं ती म्हणाली. मी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. डावा जरा गडद वाटला. "डावा लाल."

"नक्की?"

"नक्की."

ती हसायला लागली. "अहो आजोबा, दोन्ही सेम आहेत! हा एक्क्याऐंशी, हा पण एक्क्याऐंशी." तिनं आकडे दाखवले. साडीचे दोनशे, तीस, तीस. पानाचे वीस, एकशे वीस, चाळीस. बांधलेले आकडे बघितले तर एक कोटीच्या वर आणि दुसरा तेरा लाख एक्केचाळीस हजार, म्हणजे दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण करडं केलं की दोन्ही एक्क्याऐंशी.

"मग सोड ना तो एक्क्याऐंशी," मी म्हणालो. "उजवीकडं सरकव. आत असेल."

"आत काही नाहीच आहे. बांधताना प्रत्येकाला आपापला कप्पा होता. करडं करताना तिघांतलं थोडं थोडं घेऊन एकत्र कालवलं. कालवलेला भात वेगळा करता येतो का?"

"फिल्मचं गणित वेगळं असतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण सून बाहेर येऊन बघायला लागली.

"असेल वेगळं. प्रमाण वेगळं असेल. पण तिथंही तिन्हींचं एकच होतं ना?" रूथ आता हसत नव्हती. "आजोबा, काय झालं?"

मी तिला परत करायला लावलं. दुसरी साडी, दुसरं पान, पेरूचा रंग, आकाश. तिनं न कुरकुरता केलं. वेगळे वेगळे रंग परत परत एकाच करड्यावर येऊन पडत होते. मी इतकी वर्षं ज्या एका शंकेच्या आडोशाला बसलो होतो, की कदाचित फोटोत खरंच लाल दिसला असेल, तो आडोसा माझ्या नातीनं दुपारच्या चहाच्या आत काढून घेतला. फोटोत काहीही दिसत नव्हतं. त्या खोलीत रंग ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि मी त्यालाच अडवलं होतं.

त्यानंतर मी मिरजगावला गेलो. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. गयाबाईंची वस्ती शोधत गेलो तर त्या हयात होत्या. ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या, नजर बरीच गेलेली, कान मात्र शाबूत. किसनराव कधीच गेला होता. नातवानं मला खुर्ची दिली, नातसुनेनं चहा आणला. मी नाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं.

"रंगवाला पोरगा व्हय तू?" त्या म्हणाल्या. "लई बारीक हुतास. आता?"

"आता म्हातारा झालो, मावशी."

"समदेच झाले." त्यांनी हात पुढं केला आणि चाचपत माझं मनगट धरलं. "बरं झालं आलास. मला तुला सांगायचं हुतं. म्या तुला रंग चुकीचा सांगितला, लेकरा. तू बिचारा सांगितला तसा भरलास. तुज्या हातानं ते व्हाया नको हुतं. मनाला लावून घिऊ नको."

नातू बाजूला उभा होता. त्यानं मान हलवली. ही गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकलेली दिसत होती. माझ्या तोंडात शब्द तयार होते. एसटीत बसून मी ते घोकले होते. मी "मावशी" एवढं म्हणालो, आणि त्या म्हणाल्या, "च्या घे, निवंल." मी चहा घेतला. मग त्यांनी मामीची चौकशी केली, मला किती नातवंडं ते विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलंतरी ओझं उतरल्यासारखं दिसत होतं आणि मला कळेना, आता खरं सांगितलं तर ते उतरलेलं ओझं कुठं जाईल. हाही बहाणाच असेल. मी नातवाला माझा फोन नंबर दिला, पुन्हा येतो म्हणालो आणि उठलो. स्टँडापर्यंत चालत आलो तरी मनगटावर त्यांचा हात असल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा जायचं मी पावसाळ्यावर ढकललं, मग दिवाळीवर. दिवाळीच्या आधी नातवाचा फोन आला. आजी झोपेतच गेली, म्हणाला. तुमचं नाव एक-दोनदा काढलं होतं.

वस्तीवर आजही कुणी ती गोष्ट सांगत असेल तर त्यांनी हे वाचावं, आणि त्या नातवानं जरूर वाचावं. आणि चहा संपेपर्यंत मला जे बोलता आलं नाही, ते हे. गयाबाई, तुम्ही हिरवा म्हणाला होतात. मी विचारलं तेव्हा, आणि मी अडवलं तेव्हाही. लाल मी म्हणालो, आणि मग तो शब्द तुमच्या तोंडी घातला. तुम्ही माझं मनगट धरून माफी मागितलीत आणि मी ती घेऊन घरी आलो. ती माझी नव्हती. मला क्षमा करा. तुमची आठवण बरोबर होती.